थंडी कोणी अडवली? : मोटारीतील वातानुकूलन आणि वीजदोष शोधण्याची विद्या

१९३९ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पॅकार्ड कंपनीने आपली नवी गाडी मांडली. यंत्राने गार केलेली हवा आत बसल्या जागी मिळेल, ही सोय कारखान्याकडूनच मागून घेता येईल अशी ही पहिली मोटार मानली जाते. सोयीची किंमत होती २७४ डॉलर. यंत्रणा क्लीव्हलंडच्या बिशप अँड बॅबकॉक कंपनीची होती आणि ती चांगलीच अवाढव्य होती. हवा गार करणारी कॉइल मागच्या सीटच्या पाठीमागे, डिकीतली बरीचशी जागा व्यापून बसलेली. कॉम्प्रेसर पुढे इंजिनापाशी. आणि दोहोंना जोडणाऱ्या लांबच लांब नळ्या.

आजच्या वाचकाला त्या गाडीतली गारव्यापेक्षाही नवलाची वाटावी अशी गोष्ट म्हणजे तिचे नियंत्रण. कॉम्प्रेसर इंजिनाला पट्ट्याने कायमचा बांधलेला होता. इंजिन फिरे तोवर तो फिरे. गारवा नको झाला तर पंखा बंद करायचा, एवढेच चालकाच्या हाती. हिवाळ्यात कॉम्प्रेसर थांबवायचा, तर इंजिन बंद करून, खाली उतरून, बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवावा लागे. आतले तापमान पाहून यंत्र चालू-बंद करणारे काहीही त्या गाडीत नव्हते. १९४१ नंतर पॅकार्डने ही सोय बंद केली.

या यंत्रणेत पंख्याची तार सोडली तर विजेचा दोष उद्भवायला जागाच नव्हती. गारवा येत नसेल तर पट्टा जागेवर आहे की नाही हे डोळ्यांना दिसे, गॅस आहे की नाही हे दाबमापक सांगे. यंत्र चालावे की नाही, हा निर्णय पूर्णपणे माणसाच्या हातात होता.

आज तसे नाही. आपण डॅशबोर्डवरचे ‘एसी’ लिहिलेले बटण दाबतो, तेव्हा त्या बटणाने कॉम्प्रेसर सुरू होत नाही. बटण फक्त विनंती करते. ती विनंती तापमान पाहणाऱ्या, दाब पाहणाऱ्या, इंजिनाचा ताण पाहणाऱ्या पाच-सात पहारेकऱ्यांच्या हातून पुढे सरकते, आणि यांपैकी प्रत्येकाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असतो. म्हणून ‘एसी चालत नाही’ या साध्या तक्रारीचे दोन अगदी वेगळे अर्थ होतात. एक, काहीतरी तुटले आहे. दुसरा, सगळे शाबूत आहे, पण कोणीतरी योग्य कारणासाठी नकार दिला आहे. या दोन अर्थांतला फरक ओळखणे म्हणजेच या यंत्रणेतील वीजदोष शोधण्याची विद्या. नकाराचा हा अधिकार माणसाच्या हातातून तारेत आणि तारेतून संगणकात कसा गेला, आणि त्या प्रवासात ‘का नाही?’ असे विचारण्याचा अधिकार कोणाकडे उरला, हे पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

केटरिंगच्या दोन वाटा

मोटारीतील वातानुकूलनाला दोन गोष्टी लागतात : विषारी नसलेला, सहज पेट न घेणारा गॅस आणि गाडीतच साठवलेली वीज. या दोन्हींच्या मुळाशी चार्ल्स केटरिंग हे एकच नाव सापडते.

१९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांना केटरिंगने तयार केलेला विजेवर चालणारा स्टार्टर बसला. तोवर इंजिन सुरू करण्यासाठी हँडल मारावे लागे. स्टार्टरमुळे बॅटरी आणि ती भारणारा जनित्र हे मोटारीचे कायमचे घटक झाले, आणि दिव्यापासून भोंग्यापर्यंत सर्वांना एकाच ठिकाणाहून वीज मिळू लागली. पुढे केटरिंग जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाला. त्याच्याच सांगण्यावरून टॉमस मिजली आणि आल्बर्ट हेनी यांनी १९२८ च्या सुमारास शीतकपाटांसाठी बिनविषारी गॅसचा शोध हाती घेतला. तोवर शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड, मिथिल क्लोराइड असे घातक वायू वापरले जात, आणि गळतीने माणसे दगावत. १९३० साली मिजलीने अमेरिकन केमिकल सोसायटीच्या सभेत नवा वायू श्वासातून आत घेतला आणि तोच फुंकून जळती मेणबत्ती विझवून दाखवली. हाच पुढे ‘फ्रीऑन’ किंवा आर-१२ या नावाने घरोघर गेला.

बंद मोटारीत माणसांच्या नाकासमोर अमोनियाची कॉइल बसवण्याचे धाडस कोणी केले नसते. आर-१२ ने ती भीती दूर केली. बॅटरीने दुसरी सोय केली : यंत्र दुरून चालू-बंद करता येऊ लागले. १९५० च्या दशकात अमेरिकी गाड्या ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. तेवढेच काम निम्म्या प्रवाहात होऊ लागले, तारा बारीक झाल्या. त्याच दशकात पट्टा काढून ठेवण्याच्या कटकटीवर उपाय रुळला. तो म्हणजे विद्युतचुंबकी क्लच. पुली पट्ट्यासोबत मोकळी फिरत राहते. तिच्यामागच्या तांब्याच्या वेटोळ्यातून वीज गेली की चुंबक तयार होतो, समोरची लोखंडी चकती खेचली जाते, ‘टक्’ असा आवाज होतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. १९५४ च्या नॅश अँबॅसडर गाडीने ३४५ डॉलरच्या जादा किमतीत तापवणे, गार करणे आणि वायुवीजन एकत्र करून सगळा संच गाडीच्या पुढच्या भागात बसवला. आजच्या गाड्यांची मांडणी त्याच धाटणीची आहे.

क्लच आला आणि चालकाचे खाली उतरणे संपले. पण त्याबरोबर एक नवा प्रश्न जन्मला. पट्टा डोळ्यांना दिसत होता. तारेतून वीज जाते की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. मग न दिसणारा दोष शोधायचा कसा? या प्रश्नाचे उत्तर मोटारीच्याही आधी, समुद्राच्या तळाशी शोधले गेले होते.

समुद्राखालची तार आणि खिशातले मीटर

५ ऑगस्ट १८५८ रोजी आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिकच्या तळातून टाकलेली पहिली तार जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे सोळा तास लागले. संदेश क्षीण येत होते. कंपनीचा वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस याने उपाय म्हणून तारेला सुमारे दोन हजार व्होल्टचे हिसके दिले. आधीच कमकुवत असलेले आवरण आणखी बिघडले आणि काही आठवड्यांतच तार कायमची मुकी झाली.

या अपयशाची चौकशी झाली. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांचे म्हणणे होते की जोर वाढवण्याऐवजी मोजमाप नाजूक करावे. त्यांचा आरशाचा गॅल्व्हनोमीटर अत्यल्प प्रवाहही दाखवत असे. तारेतला दोष कुठे आहे, हे समुद्रात न उतरता किनाऱ्यावर बसून सांगता येणे, ही आता व्यापारी गरज झाली. तारेच्या प्रत्येक मैलाला ठरावीक विरोध असतो. दोषाच्या जागी वीज पाण्यात उतरते. तेव्हा किनाऱ्यापासून त्या जागेपर्यंतचा विरोध मोजला की अंतर काढता येते. क्रॉमवेल व्हार्ली याच्या नावाची अशी एक चाचणी तारखात्यात दीर्घकाळ वापरात होती. पण विरोध मोजायचा तर सर्वांना मान्य असे माप हवे. १८६१ साली ब्रिटिश असोसिएशनने टॉमसन यांच्या पुढाकाराने त्यासाठी समिती नेमली. १८२७ साली गेओर्ग ओहम याने मांडलेला आणि त्याच्या देशात आरंभी थंडपणे स्वीकारला गेलेला नियम अशा रीतीने कारागिराच्या हत्यारपेटीत आला. ‘ओहम’ हे माप रुजले ते बरेचसे दोष शोधण्याच्या गरजेतून.

पुढची पायरीही तारखात्यातलीच. ब्रिटिश पोस्ट खात्यातला अभियंता डोनाल्ड मकाडी याला तारांची देखभाल करताना प्रवाह, दाब आणि विरोध मोजायला वेगवेगळी उपकरणे वाहावी लागत. त्याने ती तिन्ही एका पेटीत आणली. अँपिअर, व्होल्ट, ओहम यांच्या आद्याक्षरांवरून तिचे नाव ‘एव्होमीटर’ पडले. १९२३ साली बाजारात आलेल्या या पेटीचे वंशज पुढे ८५ वर्षे बनत राहिले. आज मोटारीच्या वायरमनच्या खिशात असते ते डिजिटल मीटर हे या पेटीचेच धाकटे भावंड. अटलांटिकच्या तळाशी लागू पडणारा नियम बॉनेटखालच्या दोन मीटर तारेलाही तसाच लागू पडतो.

पहारेकऱ्यांची रांग

क्लचच्या वेटोळ्याचा विरोध साधारण साडेतीन ओहम असतो. बारा व्होल्टवर त्यातून तीन-साडेतीन अँपिअर वीज जाते. एवढा प्रवाह डॅशबोर्डवरच्या नाजूक बटणातून नेणे बरे नव्हे, म्हणून मध्ये रिले बसवतात : छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह जोडणारा दूत. ही युक्तीही तारयंत्राचीच देणगी. रिलेच्या पायांवरचे आकडे एका जर्मन मानकातून आले आहेत. ३० म्हणजे थेट बॅटरी, ८५ आणि ८६ म्हणजे रिलेच्या स्वतःच्या वेटोळ्याची दोन टोके, ८७ म्हणजे पुढे जाणारी वीज. इंग्रजी कधी न शिकलेला कारागीरही ‘तीसला करंट आहे, सत्त्याऐंशीला नाही’ असे सहज बोलतो, आणि त्या एका वाक्यात अर्धे निदान झालेले असते.

रिलेला हुकूम पोचण्याआधी पहारेकऱ्यांची रांग लागते. पहिला पहारेकरी गार कॉइलवर असतो. हवेतला ओलावा कॉइलवर गोठून बर्फाचा थर बसला तर वाराच अडतो. म्हणून कॉइल शून्य अंशाच्या जवळ आली की तो वीज तोडतो आणि ती जरा तापली की पुन्हा जोडतो. दुसरा पहारेकरी कमी दाबाचा. गॅस गळून गेला असेल तर तो कॉम्प्रेसर सुरूच होऊ देत नाही. त्याचे कारण महत्त्वाचे आहे : कॉम्प्रेसरला वंगण पुरवणारे तेल गॅससोबतच फिरते. गॅस नाही म्हणजे तेल नाही, आणि तेल नाही म्हणजे काही वेळातच कॉम्प्रेसर घासून जाम. तिसरा पहारेकरी जास्त दाबाचा. विदर्भातल्या मे महिन्यात गाडी सिग्नलला उभी आहे आणि कंडेन्सरचा पंखा बंद पडला आहे, अशा वेळी दाब भलताच चढतो. नळी फुटण्याआधी हा पहारेकरी वीज तोडतो. याशिवाय इंजिन जास्त तापले किंवा चालकाने एकदम वेग मागितला, तर इंजिनाचा संगणकही क्लच सोडायला लावतो.

हे सगळे एका ओळीत जोडलेले असल्यामुळे कोणा एकाचा नकार पुरतो. आणि नकार कोणाचाही असला तरी चालकाला दिसणारे लक्षण एकच : गार हवा येत नाही. अनुभवी माणूस अशा वेळी एका टोकापासून एकेक सुटे काढत बसत नाही. तो साखळीच्या मधोमध, म्हणजे बहुधा रिलेपाशी, मीटर लावतो. तिथवर वीज आली असेल तर अर्धी साखळी निर्दोष ठरली. उरलेल्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग. लांब तारेतला दोष हुडकणाऱ्यांची ही जुनीच रीत.

काही निदानांना तर मीटरही लागत नाही. ब्लोअर पहिल्या तीन वेगांवर मुका आणि चौथ्यावर जोरात चालतो, ही तक्रार जुन्या छोट्या गाड्यांत फार आढळे. कमी वेगांसाठी वीज विरोधकांतून नेलेली असते आणि सर्वांत मोठ्या वेगाला ती विरोधक टाळून थेट जाते, हे ज्याला ठाऊक आहे तो सीटवर बसल्या बसल्या सांगतो की मोटर ठीक आहे, विरोधक जळला आहे. ज्याला ते ठाऊक नाही, तो मोटर बदलतो.

खोटे बारा व्होल्ट

मीटर खोटे बोलत नाही, पण विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. या विद्येतला सर्वांत फसवा दोष इथेच दडलेला असतो.

कोकणच्या किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत क्लचच्या तारेचा एखादा जोड गंजतो. तांब्यावर हिरवट थर चढतो. समजा या गंजाचा विरोध १.२ ओहम झाला. कारागीर क्लचचा प्लग काढून त्यात मीटर घालतो. मीटर दाखवते बरोबर बारा व्होल्ट. तो म्हणतो, वीज येते आहे, म्हणजे क्लच खराब. नवा क्लच बसतो, तरी एसी धड चालत नाही. झाले असे की मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही. प्रवाह नाही तर गंजलेल्या जोडावर दाबही पडत नाही, आणि सगळेच्या सगळे बारा व्होल्ट पलीकडे दिसतात. प्लग पुन्हा जोडून, वेटोळे काम करत असताना मोजले तर चित्र पालटते. ३.६ ओहमचे वेटोळे आणि १.२ ओहमचा गंज मिळून ४.८ ओहम, प्रवाह अडीच अँपिअर, वेटोळ्याला मिळतात फक्त नऊ व्होल्ट. उरलेले तीन गंजाने खाल्ले. नऊ व्होल्टचा चुंबक चकती कधी ओढतो, कधी नाही.

म्हणूनच जुने वायरमन मीटर असूनही टेस्ट लॅम्प सोडत नसत. दोन तारा आणि एक बल्ब, एवढेच ते हत्यार. पण बल्ब खरा प्रवाह मागतो. गंजलेल्या जोडापुढे तो मंद जळतो आणि खोटे बारा व्होल्ट उघडे पडतात. हा नियम पुस्तकात ‘भाराखाली मोजा’ असा लिहिला जातो. गॅरेजमध्ये तो बल्बच्या उजेडात शिकवला जाई. इलेक्ट्रॉनिक मेंदू असलेल्या गाडीत मात्र हाच बल्ब नको त्या तारेला लावला तर नुकसान करू शकतो, आणि तिथून त्याचे राज्य संपत आले.

दुसरा फसवा दोष उष्णतेचा. क्लचची पुली आणि चकती यांच्यामधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. वर्षानुवर्षे घासून ती वाढते. तांब्याचा विरोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे बॉनेटखाली ६० अंशांनी तापलेल्या वेटोळ्याचा प्रवाह जवळजवळ पाचव्या हिश्श्याने घटतो. सकाळी गार इंजिनावर चकती खेचली जाते. अर्ध्या तासाच्या वाहतूक कोंडीनंतर चुंबक दुबळा झाला की तीच वाढलेली फट त्याला ओलांडता येत नाही. मालक गाडी गॅरेजात आणतो, ती तासभर उभी राहते, थंड होते, आणि कारागीर पाहायला येतो तेव्हा एसी उत्तम चालतो. दोष खरा, तक्रार खरी, आणि तरीही मालक उगाच कटकट करतो असे ठरते. उपाय पुष्कळदा एक पातळ शिम काढून फट कमी करण्याचा असतो. त्याला पैशांपेक्षा वेळ आणि विचार जास्त लागतो.

स्वतःला जाळून घेणारा फ्यूज

पहारेकऱ्याचा नकार आणि यंत्राचा बिघाड यांतला गोंधळ किती महाग पडतो, हे जनरल मोटर्सच्या एका उपायातून दिसते. १९७० च्या दशकाच्या आरंभी या कंपनीने आपल्या गाड्यांत एक विशेष फ्यूज बसवला. गॅस गळून दाब उतरला आणि त्याच वेळी कॉम्प्रेसरपाशी उष्णता चढली, तर कॉम्प्रेसरच्या मागच्या बाजूचा एक स्विच जुळे. त्यामुळे फ्यूजशेजारचा छोटा तापक तापे आणि फ्यूज वितळवी. क्लचची वीज कायमची तुटे. हा फ्यूज जास्त प्रवाहाने जळत नसे. कॉम्प्रेसर वाचवण्यासाठी तो मुद्दाम जाळला जाई. जळालेल्या फ्यूजचा अर्थ एकच होता : गळती शोधा.

पण फ्यूज जळाला की नवा घालायचा, ही सवय मोटारीइतकीच जुनी. बरेच जण नवा फ्यूज घालत. काही जण तर त्या जागी तारेचा तुकडा जोडून मोकळे होत. गाडी गार हवा देत निघून जाई, आणि थोड्या दिवसांत तेलावाचून घासलेला कॉम्प्रेसर घेऊन परत येई. शे-दोनशे रुपयांच्या स्विचला ‘डायरेक्ट’ करून काही हजारांचा कॉम्प्रेसर गमावण्याची आपल्याकडची रीत याच घराण्यातली. कमी दाबाच्या स्विचचे दोन पाय तारेने जोडून पाहणे ही क्षणभराची चाचणी म्हणून रास्त आहे. ती तार तशीच ठेवून गाडी मालकाच्या हवाली करणे म्हणजे पहारेकऱ्याचे तोंड बांधणे.

या गोंधळाची किंमत मालकापुरती राहिली नाही. विजेचा नकार म्हणजे गॅस कमी, आणि गॅस कमी म्हणजे भरा, अशा समजुतीने गळती न शोधता पुन्हा पुन्हा गॅस भरला गेला, आणि तो तितक्याच वेळा आभाळात गेला. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की हे क्लोरीनयुक्त वायू वातावरणाच्या वरच्या थरात पोचून ओझोनचा नाश करू शकतात. १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर आर-१२ मागे पडला आणि १९९० च्या दशकात आर-१३४ए आला. त्याने ओझोन वाचतो. पण किलोमागे पृथ्वी तापवण्याची त्याची शक्ती कार्बन डायॉक्साइडच्या हजारपटीहून अधिक आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने त्यालाही निरोप द्यायचे ठरवले, आणि भारताने २०२१ साली तिला मान्यता दिली. गॅस बदलत गेले. गळती न शोधण्याची सवय मात्र टिकली. नीट केलेले निदान म्हणजे न सांडलेला गॅस, हा हिशेब आजही खराच आहे.

‘टक्’ आवाज गेला

आपल्याकडे वातानुकूलित मोटार मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली ती १९८० च्या दशकात. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. १९८५ साली जपानच्या डेन्सो आणि सुझुकी यांच्या सहभागाने सुब्रोस ही मोटारींचे एसी बनवणारी कंपनी उभी राहिली. कार्ब्युरेटरवाल्या त्या गाड्यांचा एसी हा क्लच, रिले, दोन-तीन स्विच आणि एक थर्मोस्टॅट एवढाच होता. फियाट आणि अँबॅसडरच्या वायरिंगवर हात बसलेल्या कारागिरांनी तो पाहता पाहता आत्मसात केला. बॉनेट उघडायचे, सहकाऱ्याला बटण दाबायला सांगायचे आणि ‘टक्’ आवाजाकडे कान लावायचे, ही त्या पिढीची पहिली चाचणी. आवाज आला तर दोष गॅसकडे, न आला तर विजेकडे.

नव्या यंत्रणांनी हा आवाजच काढून घेतला. पुष्कळ गाड्यांत आता क्लच नसतो. कॉम्प्रेसर सतत फिरतो आणि एक वीजनियंत्रित झडप त्याचा जोर कमी-जास्त करते. त्या झडपेला संगणक सेकंदाला शेकडो वेळा तुटक वीज देतो. फिरती पुली पाहून काही कळत नाही. पॅकार्डचा सदा फिरणारा कॉम्प्रेसर एका अर्थाने परत आला, फक्त पट्टा काढण्याचा निर्णय आता संगणक घेतो. २००३ साली आलेल्या टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीने पट्टाही काढून टाकला. तिचा कॉम्प्रेसर सुमारे दोनशे व्होल्टच्या मोटरवर चालतो. आजच्या विजेवरच्या गाड्यांत हा दाब त्याहून बराच जास्त असतो. तिथे तेलसुद्धा विजेच्या आवरणाचा भाग ठरते. मोटरची वेटोळी त्याच तेलात भिजलेली असल्याने, नेहमीच्या गाडीचे तेल चुकून थोडे जरी त्यात गेले तरी आवरणाचा विरोध घसरतो, आणि गळती दिसताच संगणक नकार देतो. कधी कधी तो पूर्ण गाडीलाच ‘नाही’ म्हणतो. अटलांटिकची तार मुकी झाली होती तीही आवरण बिघडल्यानेच.

‘का नाही?’ हे विचारण्याचा हक्क

संगणकाच्या नकारात एक सोयही आहे : तो आपल्या नकाराचे कारण लिहून ठेवतो. अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीला सोळा पिनांचा ठरावीक सॉकेट सक्तीचा झाला. त्याला यंत्र जोडले की दोषाचा संकेतांक वाचता येतो. भारतात ही पद्धत २०१० आणि २०१३ अशा दोन टप्प्यांत आली. पण कायद्याची सक्ती धुराशी संबंधित दोषांपुरती आहे. एसीचे दोष बहुधा कंपनीच्या स्वतःच्या संकेतांकांत नोंदले जातात आणि ते नीट वाचायला कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. तारेतल्या नकाराचे कारण कोणालाही मीटर लावून विचारता येत होते. संगणकातल्या नकाराचे कारण ज्याच्याकडे किल्ली त्यालाच कळते.

हा प्रश्न आपल्या देशात स्पर्धा आयोगापुढे आला. २०११ साली एका ग्राहकाने तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने बाहेरच्या गॅरेजवाल्यांना मिळू देत नाहीत. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने टाटा, महिंद्र, मारुती यांच्यासह चौदा कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला, आणि भाग, माहिती व निदानाची साधने खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचा आदेश दिला. कंपन्या अपिलात गेल्या. सुरक्षितता आणि अकुशल हातांची भीती हे त्यांचे मुख्य मुद्दे होते. ते अगदीच पोकळ नाहीत : कमी दाबाच्या स्विचला तार जोडून देणारे हात खरेच आहेत, आणि शेकडो व्होल्टच्या तारेवर असा हात जीवघेणा ठरेल. पण ज्याला माहितीच मिळत नाही तो कुशल कसा होणार, हा प्रश्न त्या मुद्द्याने सुटत नाही. आपल्या आय.टी.आय.मधून बाहेर पडणारा मुलगा ओहमचा नियम शिकून येतो. समोरच्या गाडीचा वायरिंगचा नकाशा त्याला मिळत नाही. मग तो अंदाजाने भाग बदलतो, आणि प्रत्येक चुकीच्या अंदाजाचे बिल मालक भरतो. २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीचा हक्क’ या नावाने ग्राहकांसाठी संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

यात पणाला लागले आहे ते गार हवेच्या चैनीपेक्षा मोठे आहे. २०२५ पासून आपल्याकडे नव्या मध्यम आणि जड मालट्रकांच्या चालक-कक्षात वातानुकूलन सक्तीचे करण्यात आले. चाळीस-पंचेचाळीस अंशांत दिवसभर चालवणाऱ्या माणसाची ती सोय त्याच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्या जिवाशी निगडित आहे. हे ट्रक बंद पडतील ते बहुधा शोरूमच्या दारात नव्हे, तर धुळे किंवा सोलापूरच्या बाहेर महामार्गावर. आणि त्यांच्यापाशी येईल तो रस्त्याकडेचा वायरमन. त्याच्या हातात मीटर असेल. मध्यावर मोजायचे, भाराखाली मोजायचे आणि नकार देणाऱ्याचे तोंड बांधण्याआधी त्याचे कारण विचारायचे, एवढी शिस्त त्याला शिकवता येते. ते कारण वाचण्याची मुभा मात्र त्याला दुसऱ्या कोणी द्यावी लागेल.